टर्नरबाईची मूठ

आमच्या गल्लीत तिला नावाने हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. टेकडीवरच्या कारखान्यात पंपांचे सुटे भाग बनायचे, तिथे ती लेथ चालवायची. लेथवर लोखंड गरगर फिरवून त्याला हवा तो आकार देणाऱ्याला टर्नर म्हणतात, आणि त्या कारखान्यात टर्नर असलेली बाई ती एकटीच. म्हणून टर्नरबाई. नवरा शिवणकाम करायचा, त्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तरांचा थोरला भाऊ वरच्या मजल्यावर राहायचा. तो बसमधला कंडक्टर होता आणि निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गल्लीच्या लेखी कंडक्टरच राहिला. जगात माणसाने जायचं ते बसनेच, असं त्याचं ठाम मत होतं.

टर्नरबाईला ते मान्य नव्हतं. तिच्याकडे एक जुनी मोटरसायकल होती, तिची स्वतःची. मास्तरांना सायकलसुद्धा येत नव्हती, त्यामुळे सकाळी गाडी चालवायची बाईने आणि मागे मांडीवर कात्री-टेपची पिशवी घेऊन बसायचं मास्तरांनी. टेकडीचा मोठा चढ सुरू होण्याआधी मास्तरांचं दुकान लागायचं. तिथे ते उतरायचे आणि ती वर कारखान्याकडे जायची. कुणी चिडवलं तर मास्तर म्हणायचे, "मला ड्रायव्हर आहे. तुम्हाला आहे का?"

गाडीच्या पिकअपचा तिला शौकच होता. गाडीने हाताचं ऐकलं पाहिजे आणि लगेच ऐकलं पाहिजे, एवढीच तिची अपेक्षा. एक्सिलेटरच्या तारेला जरा ढिलेपणा आला की रविवारी ती तार काढून तेलात बुडवायची, कार्बोरेटर उघडून फुंकायची, मूठ पिळली की इंजिन ताबडतोब ओ देतंय ना ते कान लावून बघायची. गल्लीतले मेकॅनिक तिच्या गाडीला हात लावायला बिचकायचे. काम अवघड म्हणून नाही, बाई शेजारी उभी राहून प्रत्येक स्क्रूचा जाब विचारायची म्हणून.

मग कारखान्यात तिचा हात गेला. म्हणजे तुटला नाही, पण गेल्यातच जमा. ट्रॉलीवर रचलेली ओतीव लोखंडाची धुडं घसरली आणि एकाने तिचं उजवं मनगट लेथच्या कडेवर चेपलं. आत पट्टी घातली, स्क्रू घातले. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं हलत होती, मूठ वळत होती, पण मनगट दारातल्या गंजक्या बिजागरीसारखं झालं होतं. थोडं वळायचं आणि तिथेच अडायचं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी महिनोन्‌महिने मेहनत घेतली आणि शेवटी मान हलवली. जेवढं आलं तेवढं आलं, म्हणाल्या.

कारखान्याने तिला लेथवरून काढून पॅकिंगच्या टेबलावर बसवलं. खोक्यात वॉशर मोजून भरायचे. ती गेली, बसली, काही बोलली नाही. तिच्या ओळखीतल्या प्रत्येकाला कळलं की हे न बोलणं काही बरं लक्षण नाही.

गाडीचं तर त्याहून वाईट. एक्सिलेटरची मूठ पूर्ण पिळायला मनगट जेवढं वळावं लागतं, त्याच्या निम्म्यावरच तिचं मनगट अडायचं. सपाट रस्त्यावर भागत होतं. पण दुकानाच्या अलीकडे एक छोटा उभा चढ होता, तिथे गाडी धापा टाकायची. पहिल्या गिअरमध्ये रडतखडत वर सरकायची आणि मागे बसचे हॉर्न. एकदा मास्तर हळूच उतरले आणि गाडीच्या बाजूने चालू लागले. त्यांना वाटलं, वजन कमी झालं की बरं. ते चालत गाडीच्या आधी वर पोहोचले. रस्त्याकडेचे लोक हसले. मास्तरही हसले, आणि मग तिच्या तोंडाकडे बघून त्यांनी पिशवी सावरली.

घरी सल्ल्यांना तोटा नव्हता. कंडक्टर रोज जिन्यावरून उतरता उतरता सांगायचा की विकून टाक, बसचा पास काढ, बस दारात येते. शेजारीण म्हणाली, आता या वयात कशाला. कुणी म्हणालं, रिक्षा लावा. टर्नरबाई सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि पुन्हा अंगणात जाऊन गाडीशेजारी पाटावर बसायची. मास्तरांच्या दुकानातला कापडावर खुणा करायचा खडू तिने आणला होता. मुठीवर एक रेघ, शेजारच्या नळीवर एक रेघ. मनगट अडेपर्यंत मूठ पिळायची आणि तिथे तिसरी रेघ मारायची. मग तारेचं टोक कितीसं सरकलं ते टेपने मोजायची.

मूठ पिळल्यावर आत काय होतं, ते अगदी साधं आहे. मुठीच्या आत एक नळी असते आणि नळीच्या टोकाला छोटी चकती. तिच्या खाचेत तार अडकवलेली असते. मूठ फिरली की चकती फिरते, तार ओढली जाते, कार्बोरेटरचं दार उघडतं आणि इंजिनाला पेट्रोल मिळतं. चकती मोठी केली तर तेवढ्याच पिळात तार जास्त ओढली जाणार. मनगट निम्मं तर निम्मं, दार पूर्ण उघडणार. हे तिला पहिल्याच दिवशी सुचलं होतं. प्रश्न होता चकती कुठे बनवायची.

जेवणाच्या सुट्टीत ती आपल्या जुन्या लेथपाशी जाऊन उभी राहिली. भंगारातून नायलॉनचा एक तुकडा उचलला होता, तो तिने लेथच्या जबड्यात धरला आणि डाव्या हाताने चाक फिरवायला लागली. आता त्या लेथवर असलेला माणूस डबा हातात घेऊन बघत राहिला, पण अडवलं नाही. सुपरवायझर मात्र आवाज ऐकून आला. परवानगी कुणाची, म्हणाला.

तिने लेथ बंद केला नाही. "माझा हात याच लेथवर गेला," ती म्हणाली. "तेव्हा कुणाची परवानगी घेतली होती?"

सुपरवायझरला एकदम दुसरीकडे काहीतरी काम आठवलं.

ती पहिली चकती. संध्याकाळी अंगणात बसवली. गाडी सुरू केली, मूठ जरा पिळली, आणि गाडी पायात साप आल्यासारखी उडाली. अंगणातला माठ वाचला तो नशिबाने. चकती सगळीकडून सारखीच मोठी, त्यामुळे नुसता हात लागला की इंजिन बोंब मारायचं. गल्लीतून हळू जाणं मुश्कील. शिवाय मूठ जड झाली होती. मोठ्या चकतीने तार ओढायला जोर जास्त लागतो आणि जोर तर तिच्या मनगटात नव्हताच.

इथे ती चुकली. पुढेही ती हे सगळ्यांना स्वतः सांगायची. कार्बोरेटरच्या आत एक स्प्रिंग असते, मूठ सोडली की दार बंद करणारी. मूठ हलकी व्हावी म्हणून तिने ती स्प्रिंग काढून मऊ स्प्रिंग घातली. मूठ लोण्यासारखी फिरायला लागली. चढ तर असा चढली गाडी, की मास्तरांनी मागून तिचा खांदा घट्ट धरला आणि पिशवी पडू नये म्हणून दातात पकडली. काही दिवस घरात पुन्हा हसणं-खिदळणं सुरू झालं.

मग एका धुळीच्या दिवशी वळणावर तिने मूठ सोडली आणि इंजिनाने ऐकलं नाही. मऊ स्प्रिंगला धुळीने भरलेलं दार ओढवलं नाही. ते उघडंच राहिलं. क्लच दाबेपर्यंत वळण संपलं होतं आणि समोर एका नव्या बांधकामासाठी टाकलेला वाळूचा ढीग होता. गाडी ढिगात घुसली, ती वाळूवर पडली, आणि मास्तर तिच्या डोक्यावरून पलीकडे रस्त्यावर. त्यांच्या गळ्याजवळचं हाड मोडलं.

दवाखान्यातून मास्तर हात गळ्यात बांधून घरी आले तेव्हा कंडक्टर दारात उभा होता. तो मोठ्याने बोलणारा माणूस, पण त्या दिवशी आवाज चढवला नाही. त्याने फक्त हात पुढे केला.

"चावी."

तिने दिली.

"चूक गाडीची नव्हती, दादा," ती म्हणाली. "स्प्रिंग मी बदलली होती."

"म्हणूनच मागतोय," तो म्हणाला.

लोकांना वाटलं, झालं, संपला विषय. मास्तरांना कित्येक आठवडे कात्री धरता येणार नव्हती, दुकानाला कुलूप होतं. ते खुर्चीत बसून असायचे. तिला एक शब्द लागेल असं बोलले नाहीत, पण गाडीचं नावही काढत नव्हते. ती बसने कारखान्यात जायची, वॉशर भरायची, घरी येऊन स्वयंपाक करायची, त्यांना शर्ट घालायची, बटणं लावायची. आणि नंतर अंगणात जाऊन गाडीचं हँडल उघडायची.

कंडक्टरला ते वरून दिसलं आणि तो खाली आला. चावी घेऊनही ही बाई ऐकत नाही म्हणजे काय, असं त्याला वाटलं. तिने हातातला पाना खाली ठेवला नाही.

"चावी राहू दे तुमच्याकडे," ती म्हणाली. "मला गाडी चालवायची नाहीये अजून. आधी तिला थांबायला शिकवायचंय."

जुनी कडक स्प्रिंग तिने पुन्हा जागेवर बसवली. ती आता कधीही बदलायची नाही, हे पक्कं. डाव्या अंगठ्याखाली एक बटण बसवलं, दाबलं की इंजिन ठार बंद. तार नवी घातली आणि ती कुठेही काटकोनात वळणार नाही अशी फिरवली. नळीच्या आतून बारीक पॉलिश पेपर मारून ती काचेसारखी केली. तरी मूठ जडच होती. मग तिच्या लक्षात आलं की मूठ बोटांनी आणि मनगटानेच पिळली पाहिजे असं कुणी सांगितलंय? अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचं एक पसरट पातं कापून तिने मुठीला जोडलं, तळहाताची टाच त्याच्यावर टेकेल असं. आता हाताचं नुसतं वजन टाकलं तरी मूठ फिरायची. मनगटाने फक्त सोबत करायची.

राहिलं ते चकतीचं. लहान चकती घ्यावी तर दार पूर्ण उघडत नाही, मोठी घ्यावी तर गाडी उडी मारते. ती पुठ्ठ्यावर गोल काढत बसायची आणि खोडायची. मास्तर खुर्चीतून बघत होते. बऱ्याच दिवसांनी ते आपणहून गाडीबद्दल बोलले, आणि तेही अगदी दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावं तसं.

"गोलच कशाला हवाय?"

तिने वर बघितलं.

"मुंढा कधी गोल कापतात का?" ते म्हणाले. मुंढा म्हणजे शर्टाला जिथे बाही जोडतात ती कापाची जागा. "वरून सरळ उतरायचं, हळूहळू, आणि खाली आलं की एकदम वळायचं. सगळा गोल काढला तर बाही काखेत काचते."

त्यांनी डाव्या हाताने भिंतीवर टांगलेल्या, कापड बेतायच्या फर्म्यांपैकी एक काढून तिच्यापुढे टाकला. पुठ्ठ्याचा, कडा बोटांनी काळ्या पडलेल्या. तिने तो आपल्या पुठ्ठ्यावर ठेवला. मग त्याची कड धरून तिने पेन्सिल फिरवली. सुरुवातीला चकती लहान, तिथे इंजिन हळूच जागं होईल. पुढे ती फुगत जाईल आणि मनगट अडायच्या आधी दार सताड उघडेल. शंखाच्या तोंडासारखा आकार झाला.

असा आकार लेथवर निघत नाही. तो हातानेच घासावा लागतो. अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा व्हाइसमध्ये आवळून ती डाव्या हाताने कानस चालवायला बसली. डावा हात शिकत होता, त्यामुळे पहिला तुकडा वाया गेला, दुसराही. तिसऱ्याची खाच एका बाजूला खोल झाली. शेजारीण म्हणाली, विकत मिळत असेल की असलं काही. मिळत असेलही. टर्नरबाईने उत्तर दिलं की मिळत असेल तर ते दुसऱ्या कुणाच्या मनगटाचं असेल.

परवाना नवा करायची मुदत जवळ आली होती. दवाखान्याच्या दाखल्यात मनगटाचा उल्लेख असल्यामुळे तिला चालवून दाखवावं लागणार होतं. कंडक्टरला हे कळलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. सरकारी माणूसच नाही म्हणेल, आपल्यावर वाईटपणा नको. तो म्हणाला, "परवाना घेऊन ये, चावी घेऊन जा. नाही मिळाला तर गाडी विकायची. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली. "पण सराव तुमच्यासमोर करणार. चावी तुम्हीच लावायची, तुम्हीच काढायची."

त्यामुळे दर रविवारी सकाळी मैदानावर एक मजेशीर दृश्य दिसायचं. कंडक्टर इस्त्रीचे कपडे घालून कठड्यावर बसलेला, आणि टर्नरबाई मैदानाला फेऱ्या मारतेय. ती फार जोरात जातेय असं वाटलं की तो तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारायचा, बस थांबवायला मारायचे तशी. ती थांबायची. मग तो दोन शिट्ट्या मारायचा, की निघा. त्याने बंदी घालायची म्हणून सुरुवात केली होती. पुढे पुढे तो ओरडून सांगायला लागला की वळणावर आधी मूठ सोड, आधी सोड. मास्तर कधी आले नाहीत. ते म्हणायचे, हाड अजून दुखतंय. ती आग्रह करत नव्हती.

परवाना कार्यालयात मात्र मास्तर आले, भावाबरोबर बसने. ती गाडी घेऊन आधी पोहोचली होती; सकाळी चावी कंडक्टरनेच लावून दिली होती. तपासनीस उन्हाने रापलेला, कमी बोलणारा माणूस होता. त्याने तिचा हात पाहिला, मनगट वळवून बघितलं, मुठीवरचं पातं बघितलं, चकतीवरचं झाकण उघडायला लावलं. कुणी बनवलं विचारलं. मी, ती म्हणाली. त्याने भुवई उचलली आणि गाडी चालवून दाखवायला सांगितलं.

तिने आठाचा आकडा काढला. चढावर थांबून दाखवलं, चढावरून निघून दाखवलं. धावत्या गाडीवर मूठ सोडली, इंजिन त्याच क्षणी शांत झालं. परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याची खूण स्पष्ट दिसत होती. तपासनीसाने गाडी स्टँडवर लावली, इंजिन चालू ठेवलं, आणि हँडल डावीकडे अगदी टोकापर्यंत वळवलं.

मुठीला कुणाचा हात नव्हता, तरी इंजिनाचा आवाज चढला.

त्याने हँडल सरळ केलं, आवाज उतरला. पुन्हा वळवलं, पुन्हा चढला. तो म्हणाला की अरुंद जागी डावीकडे वळताना ही गाडी आपली आपण रेस घेणार. नापास.

टर्नरबाई तडकली. सगळी परीक्षा दिली, एकही पाय टेकला नाही, आणि आता कुठलं खुसपट काढता, असं तिने त्याला सुनावलं. रांगेतले लोक वळून बघायला लागले. तो वाद घालत बसला नाही. त्याने हँडल तिच्या हातात दिलं. तिने स्वतः वळवलं. आवाज चढला. तिने पुन्हा वळवलं, कान जवळ नेला, आणि बोटाने तार चाचपली. तो माणूस बरोबर होता. पिकअपच्या हौसेपायी तिने तारेतला सगळा ढिलेपणा काढून टाकला होता, अगदी केसाएवढाही ठेवला नव्हता. हँडल वळलं की तार ताणली जात होती आणि दार उघडत होतं. मैदानावरच्या मोठ्या मोठ्या फेऱ्यांत हँडल कधी एवढं वळलंच नव्हतं.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "आज किती वाजेपर्यंत आहात?"

त्याने पुढची तारीख घ्यायला सांगितलं.

"पुढच्या तारखेपर्यंत गाडी विकलेली असेल," ती म्हणाली. "तुम्ही जेवून या. मी इथेच आहे."

त्याने तिच्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि आत गेला.

तार पेट्रोलच्या टाकीखालून जात होती, म्हणजे टाकी उतरवणं आलं. तिथे झाडाखाली एक बाक होता. तिने पेट्रोलचा कॉक बंद केला, नळी उपसली, टाकी सोडवली आणि इकडे तिकडे बघितलं. जमिनीवर ठेवली तर रंग खरवडणार. कंडक्टर बाकावर बसला होता.

"दादा, धरा जरा."

बोलायला तोंड उघडेपर्यंत टाकी त्याच्या मांडीवर होती. निम्मी भरलेली, आणि नळीच्या तोंडातून थेंब थेंब गळणारी. त्याने रुमाल काढून नळीवर दाबला. इस्त्रीच्या पँटवर पेट्रोलचा डाग पसरत गेला. त्याला ती खाली ठेवता आली असती. त्याने ठेवली नाही. उलट जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी एकाने विडी काढली तर त्याच्यावर असा खेकसला की तो माणूस पार फाटकाबाहेर गेला.

टर्नरबाईने तार दुसऱ्या बाजूने ओवली, लांबचा वळसा देऊन. मग ढिलेपणा ठेवला, काडीपेटीतल्या काडीच्या जाडीइतका. एवढं द्यायला तिला जिवावर आलं होतं. मूठ फिरते आणि इंजिन ऐकतं यांच्यात आता एक श्वासभर अंतर राहणार होतं. तिने ते ठेवलं. मास्तर शेजारी उभे राहून निघालेले नट-बोल्ट आपल्या टोपीत गोळा करत होते आणि मागेल तो हातात देत होते.

तपासनीस परत आला तेव्हा टाकी जागेवर गेली होती आणि तिच्या हाताला कोपरापर्यंत काळं होतं. त्याने हँडल डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं. इंजिन एका सुरात चालत राहिलं. त्याने बराच वेळ ऐकलं. मग म्हणाला की एकटीने चालवणं झालं, पण परवान्यात मागच्या माणसाचाही प्रश्न आहे. चढावर कुणाला तरी मागे बसवून थांबून दाखवा. कोण बसणार?

कंडक्टर पँटवरचा डाग पुसण्यात फार गढून गेला.

मास्तरांनी टोपी झटकून डोक्यावर घातली. पिशवी खांद्यावरून पुढे घेतली. बरा झालेला खांदा एकदा फिरवून बघितला आणि मागे बसले. ती मान वळवून म्हणाली, नको, राहू द्या, मी साहेबांना सांगते. ते तिला हळू आवाजात म्हणाले, "चल. लोक खोळंबलेत."

चढावर ती मध्यावर थांबली. पाय टेकले, ब्रेक धरला. मागे मास्तरांचा श्वास तिच्या मानेला लागत होता, जरा जलद. मग तिने तळहाताचं वजन पात्यावर टाकलं आणि गाडी न हिसकता, न मागे सरकता, जिना चढावा तशी वर गेली. वर पोहोचल्यावर तिला कळलं की मास्तरांनी तिला धरलंच नव्हतं. दोन्ही हात पिशवीवर होते.

परवाना मिळाला, एका अटीसह. गाडी दर वर्षी तिथे दाखवायला आणायची. तपासनीस सही करताना म्हणाला की पुढच्या वेळी झाकणाला रबर लावा, पावसाचं पाणी जाईल. तिने ते ताबडतोब केलं. कंडक्टरने गाडीची चावी काढून तिच्या हातात ठेवली, आणि मी बसने येतो म्हणून निघून गेला. पेट्रोलच्या वासामुळे बसमध्ये त्याच्या शेजारी कुणी बसलं नाही, हे त्याने गल्लीत स्वतःच हसत सांगितलं.

लेथ मात्र तिला परत मिळाला नाही. तिने मागितला, दोनदा मागितला. कारखान्याने सांगितलं की गाडी वेगळी, यंत्र वेगळं, जबाबदारी आमच्यावर येते. ती म्हणाली, ट्रॉली रचली तेव्हा ती जबाबदारी कुठे होती?  अजून थोडे दिवस तिने वॉशर भरले आणि एक दिवस खोकं अर्धवट सोडून उठली. मास्तरांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत तिने एक जुना छोटा लेथ आणून बसवला आणि त्याच्या चाकाला लांब दांडा लावला, मनगटाऐवजी अख्खा हात वापरता येईल असा. त्या दिवसापासून दुकानात दोन प्रकारचा कचरा निघतो आणि मास्तर रोज एकदा तरी तणतणतात की गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कापडाला तेलाचं बोट लागलं. मधल्या दारात त्यांनी स्वतः शिवून जाड पडदा लावलाय.

पोरं येतात तिच्याकडे. गाडीला पिकअप पाहिजे, मूठ लावली की उडाली पाहिजे. ती त्यांना तार काढून तेल घालायला लावते, एअर फिल्टर झटकायला लावते, आणि म्हणते, आता चालवून बघ. बहुतेकांचं तेवढ्यात भागतं. ज्यांचं भागत नाही त्यांना ती वाळूच्या ढिगाची गोष्ट सांगते आणि मास्तरांना पडदा सारून खांदा दाखवायला लावते. मग काही जण जातात, ते दुसरीकडे करून घेतात. ती त्यांना अडवायला जात नाही, पण चकती देत नाही.

चकती ती देते ती अडलेल्या हातांना. बेकरीतला एक जण आला होता, भट्टीने बोटं आखडलेला. टपाल वाटणारी एक बाई आली, तिचा अंगठा वाकत नव्हता. प्रत्येकाचा आकार वेगळा, प्रत्येकासाठी नवा पुठ्ठा.

मागच्या उन्हाळ्यात एक सुतार आला, मुलीने आणून सोडलेला. झटका येऊन गेला होता आणि उजव्या हातात पकड उरली नव्हती. मुलीचं म्हणणं होतं की बाबांना समजवा, ते तुमचं ऐकतील, गाडीचा नाद सोडायला सांगा. सुतार काही बोलत नव्हता, त्याची जीभही जड झाली होती. तो नुसता लेथकडे बघत होता. टर्नरबाईने मुलीला बाहेर मास्तरांकडे बसवलं आणि पडदा ओढून घेतला.

बरेच दिवस लागले. त्याची गाडी क्लच नसलेली, जुनी, पायाने गिअर टाकायची. तिने एक्सिलेटरची मूठ काढून डावीकडे नेली, ब्रेकही डावीकडे, आणि उजव्या हाताला नुसतं टेकायला एक खोबण केली. मग सगळे मैदानावर गेले. मुलगी, जावई, मास्तर, कंडक्टरसुद्धा. सुताराने एक फेरी मारली, डगमगत. दुसरी सरळ मारली. तिसऱ्या फेरीला मुलगी रडत रडत हात हलवून थांबा म्हणत होती. चौथ्या फेरीला तो तिच्या अगदी जवळून गेला आणि थांबला नाही.

"बाई, त्यांना थांबायला सांगा ना," मुलगी म्हणाली. "किती वेळ फिरणार आहेत?"

टर्नरबाई कठड्यावर पाय सोडून बसली होती, कान इंजिनाकडे. डावीकडच्या वळणावर आवाज सरळ होता.

"फिरू दे," ती म्हणाली. "टाकी भरून दिलीय मी."